शेंगेन व्हिसा: ९० युरोंचं स्टिकर आणि एकच प्रश्न

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणारा एकच व्हिसा. वस्तू म्हणून हातात घेतला तर तो एवढासाच आहे. पासपोर्टच्या एका कोऱ्या पानावर चिकटवलेलं स्टिकर, त्यावर तुमचा फोटो, दोन तारखा आणि दिवसांचा एक आकडा. किंमत ९० युरो. ११ जून २०२४ च्या आधी ८० होती. सहा ते बाराच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे आईवडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं कुटुंब निघालं तर २२५ युरो नुसती व्हिसाची फी. त्यावर अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. ते व्हिसाच्या फीच्या निम्म्याहून जास्त असू नये, असा युरोपच्या व्हिसा संहितेचा नियम आहे. अर्ज फेटाळला तर व्हिसाची फी परत मिळत नाही.

गुणच द्यायचे तर नियमांच्या स्पष्टपणाला पाचपैकी चार, खिडकीवरच्या कामाला तीन आणि नकार आल्यावर मिळणाऱ्या खुलाशाला एक. हिशोब असा का लागतो ते पुढे येईलच.

आधी हे लक्षात घ्यावं की ही सेवा विकत घ्यायची की नाही, हे गिऱ्हाईक ठरवत नाही. युरोपीय संघाच्या कायद्यात देशांच्या दोन याद्या आहेत: एकीला व्हिसा लागतो, दुसरीला लागत नाही. भारत पहिल्या यादीत. संयुक्त अरब अमिराती २०१५ साली दुसऱ्या यादीत गेली, जॉर्जिया आणि युक्रेन २०१७ मध्ये, कोसोव्हो १ जानेवारी २०२४ ला. त्या त्या तारखेला तिथली माणसं रातोरात जास्त सज्जन झाली नव्हती. त्यांच्या सरकारांचं जमलं. उलटंही होतं. युरोपातून परत पाठवलेल्या आपल्या नागरिकांना घ्यायला गांबियाचं सरकार सहकार्य करत नाही, म्हणून २०२२ च्या अखेरीस तिथल्या अर्जदारांची फी १२० युरो केली गेली आणि २०२४ मध्ये ती वाढ मागे घेतली. इथिओपियाच्या अर्जदारांसाठी त्याच कारणाने निर्णयाची मुदत १५ दिवसांवरून ४५ वर नेली. सरकारचं भांडण आणि भुर्दंड लग्नाला निघालेल्या मावशीला. आपल्याकडचा नमुना पुण्याचाच आहे. २०२१ मध्ये युरोपने कोविड प्रमाणपत्र काढलं तेव्हा ॲस्ट्राझेनेकाची तीच लस युरोपात भरलेली असेल तर चालत होती, सीरममध्ये भरलेली कोविशील्ड मात्र त्या यादीत नव्हती. पुढे एकेका देशाने ती आपापल्या दारात मान्य केली.

याच्या उलट बाजूला म्युनिकचा माणूस भारतात येताना घरी बसून ई-व्हिसाचा अर्ज भरतो, फोटो आणि पासपोर्टचं पान चढवतो, कार्डाने पैसे भरतो. त्याला बँकेचं स्टेटमेंट कुणी मागत नाही. त्याच्या वाट्याला जो प्रश्न येतच नाही, तोच आपल्या संपूर्ण फाइलचा विषय असतो: परत येणार का? व्हिसा संहितेत ते स्पष्ट आहे. मुदत संपायच्या आत माणूस निघून जाईल याबद्दल वाजवी शंका असेल तर नकार द्यायचा. शंका त्यांची, ती फेडायचं काम तुमचं.

हे एकदा डोक्यात बसलं की फाइल कशी लावायची ते आपोआप कळतं. दर कागदाने एकतर खर्च झेपतो हे सांगायचं, नाहीतर इथे परतायला कारण आहे हे सांगायचं. दोन्ही न सांगणारा कागद काढून टाका. बारावीचं गुणपत्रक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, साहेबांबरोबरचा फोटो असला मालमसाला भरून चाळीस पानांची फाइल शंभरावर नेली तर तपासणाऱ्याला कामाचं पान सापडत नाही, एवढंच.

देश निवडताना पहिली चूक होते. सगळ्यात जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. ‘अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिथे अर्ज करायचा आणि सगळी सुट्टी पॅरिसमध्ये काढायची, हा सल्ला एजंट सर्रास देतात. त्यात पहिल्यांदा निभावतं, पण सीमेवर हॉटेलचं बुकिंग मागितलं की गाडी अडते, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी जुन्या प्रवासाच्या नोंदी समोर असतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी. अपॉइंटमेंट शक्यतो दोन आठवड्यांत मिळावी असं संहितेत लिहिलंय. एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी मुंबई-पुण्यात ते कागदावरच राहतं. मोकळे स्लॉट एजंट धरून ठेवतात आणि विकतात. मेमध्ये जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच स्लॉट घ्यावा. स्लॉटची वेगळी ‘फी’ सांगणाऱ्याला नमस्कार करावा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं विमानतिकीट काढू नये, रिझर्व्हेशन पुरतं. ते मात्र खरं हवं. दोनशे रुपयांत मिळणारं बनावट तिकीट पीएनआर टाकताच उघडं पडतं, आणि तिथून पुढे फाइलमधल्या खऱ्या कागदांकडेही त्याच नजरेने बघितलं जातं.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला, फिकट पार्श्वभूमीवर. कोपऱ्यावरचा फोटोवाला ‘पासपोर्ट साइज’ म्हटलं की आपल्या सवयीचा आकार कापतो. त्याला मिलिमीटरमध्येच सांगा.

आता पैसा. बहुतेक फाइली इथेच घसरतात, आणि पैसा कमी असतो म्हणून नव्हे. फ्रान्सचा हिशोब जाहीर आहे: हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०, कुणाच्या घरी उतरणार असाल तर साडेबत्तीस. दहा दिवसांचे हॉटेलसह ६५० युरो. एवढे पैसे नोकरदार माणसाच्या खात्यात असतात. पण स्टेटमेंट वाचणारा शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही, तो महिन्याचं येणं-जाणं बघतो. पगार दर महिन्याला येतोय का, हप्ते जातायत का, किराणा-वीजबिल दिसतंय का. अशा खात्यात अर्जाच्या आठ दिवस आधी मेव्हण्याकडून तीन लाख एनईएफटीने आले तर ती ओळ पानावर कंदिलासारखी पेटते. लोक ती शिल्लक फुगवण्यासाठी आणतात आणि तीच संशयाचं कारण होते. मदत खरीच असेल तर मेव्हण्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. त्याहून बरं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट मोडूच नका. बँकेकडून त्याचं प्रमाणपत्र घ्या. ठेव म्हणजे खर्चाची सोय, शिवाय इथे काहीतरी ठेवून चालल्याची खूण. स्टेटमेंटच्या दर पानावर बँकेचा शिक्का आणि सही घ्यावी. तीन महिन्यांचं मागितलं असेल तरी सहा महिन्यांचं दिलेलं बरं.

नोकरदारांनी रजेचं पत्र नीट लिहून घ्यावं. ‘आमची हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र अर्धवट आहे. हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, रजा अमक्या तारखेपासून तमक्या तारखेपर्यंत मंजूर आणि कामावर परत हजर होण्याची तारीख, हे सगळं त्यात हवं. दुकानदारांना गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि धंद्याच्या चालू खात्याचं स्टेटमेंट लागतं. घरचं बचत खातं तेवढं देऊन चालत नाही.

शेतकऱ्याची फाइल सगळ्यात अवघड, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बारा एकर बागायत असलेल्या माणसाचं विवरणपत्र एकतर नसतं, नाहीतर त्यातला आकडा शहरातल्या शिकाऊ कारकुनापेक्षा लहान दिसतो. पैसा वर्षातून दोन-तीनदा मोठ्या रकमेने येतो, म्हणजे वरच्या परिच्छेदातल्या मेव्हण्याच्या तीन लाखांसारखाच दिसतो. उपाय कागदांचाच. सातबारा आणि आठ-अ, साखर कारखान्याचं ऊसबिल किंवा आडत्याची पट्टी, आणि ती रक्कम ज्या दिवशी खात्यात आली ती ओळ स्टेटमेंटवर पेनने खूण करून. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं. विवरणपत्र भरत असाल तर शेतीचं करमुक्त उत्पन्न त्यात दाखवायला सीएला सांगा. पुष्कळ जण ते रकाने कोरेच सोडतात. पतसंस्थेच्या पासबुकावर विसंबू नये, रक्कम काही महिने आधी बँकेतून फिरलेली असावी. एवढं करूनही तपासणारा माणूस ऊसबिल आयुष्यात पहिल्यांदा बघत असण्याची शक्यता आहे. म्हणून सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत सांगून टाकावं: गाळप कधी, पैसे कधी येतात, पुढची लागण कधी. लागणीची तारीख म्हणजे शेतकऱ्याचं ‘कामावर परत हजर’.

नावांचा घोळ हा खास आपला. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं, विम्यावर मधलं नाव गाळलेलं. वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बसलेलं, तिकिटावर मात्र फक्त पहिलं नाव. अर्ज, विमा आणि तिकीट तिन्हींवर पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर असावं. बँकेचं वेगळं असेल तर विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडावी. आडनावाचा रकाना पासपोर्टवर रिकामा असलेल्यांनी तर आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा.

मुलाकडे जर्मनीला निघालेल्या आईवडिलांसाठी सोय चांगली आहे. मुलाने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन हमीपत्र घ्यायचं, फी २९ युरो. त्याचं जर्मन नाव उच्चारायला लागलो तर विमान चुकेल. त्याची मूळ प्रत इथे कुरियरने मागवावी. फोनवर आलेला फोटो चालत नाही. हमीपत्राने खर्चाचा प्रश्न सुटतो, परतीचा सुटत नाही, हे मात्र बरेच जण विसरतात. पेन्शनचा आदेश, घरपट्टीची पावती, इथे राहणाऱ्या दुसऱ्या मुलाची माहिती द्यावी.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. रात्री दीडच्या विमानाने निघणाऱ्यांची तारीख हमखास एका दिवसाने चुकते. सत्तरीच्या पुढे हप्ता चढतो आणि आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. व्हिसा मिळायला ती पॉलिसी पुरते, तिकडे छातीत दुखलं तर पुरेलच असं नाही. ते कलम वाचून घ्या.

खिडकीवर दहा बोटांचे ठसे आणि फोटो. ठसे ५९ महिने साठवून ठेवतात, त्या काळात पुन्हा अर्ज केला तर बहुधा तेच वापरतात. बाराच्या आतल्या मुलांचे घेत नाहीत. ताजी मेंदी, कांदे चिरून कापलेलं बोट, खुरपं धरून किंवा भांडी घासून झिजलेले ठसे, यांवर यंत्र अडतं. आदल्या दोन-तीन दिवस हाताला खोबरेल लावल्याने फरक पडतो. खिडकीमागची माणसं बाहेरच्या कंपनीची असतात. ती कागद मोजतात, व्हिसा देत नाहीत. एसएमएस, लाउंज, घरपोच कुरियर, फोटोकॉपी हे सगळं ऐच्छिक आहे आणि त्यातल्या कशानेही निर्णय हलत नाही; गावाहून आलेल्यांनी कुरियर घ्यावं, बाकी सोडावं. एखादा कागद कमी असेल तर ‘तरीही अर्ज द्यायचा आहे’ असं लिहून घेतात. तिथे सही करण्यापेक्षा बाहेर जाऊन तो कागद आणलेला शहाणपणाचा.

निर्णय १५ दिवसांत, अडला तर ४५. तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे, म्हणजे मधल्या काळात दुबईचं काम निघालं तर राहिलंच.

स्टिकर आलं की ते तिथल्या तिथे वाचा. समजा ‘पासून १० मे, पर्यंत ४ जून, मुक्काम ११ दिवस, प्रवेश ०१’ असं लिहिलंय. लोक ४ जून ही तारीख धरून बसतात. ती प्रवासाची बाहेरची मर्यादा आहे, तिच्यात मागे-पुढे सरकायला १५ दिवसांची सूट धरलेली आहे. मुक्काम अकराच दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजतात. १० मेला उतरलात तर २० मेला बाहेर. ‘प्रवेश ०१’ असताना मध्ये दोन दिवस लंडनला गेलात तर परत आत येता येत नाही, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. आयर्लंड आणि सायप्रसही नाहीत. क्रोएशिया २०२३ पासून आहे, स्वित्झर्लंड संघात नसूनही आहे. एकूण देश २९. बहुप्रवेशाचा पाच वर्षांचा व्हिसा असला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० हीच मर्यादा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्यांऐवजी चेहरा-ठशांची नोंद सुरू झाली आहे, तेव्हा दिवस आता यंत्र मोजतं. ‘शिक्का पुसट आला होता’ ही सबब संपली.

नकार येतो तो एका छापील नमुन्यावर. कारणांच्या ओळी आधीच छापलेल्या असतात, त्यातल्या एक-दोन चौकटींवर खूण. हेतू पटला नाही, पैसे पुरेसे दिसले नाहीत, दिलेली माहिती भरवशाची वाटली नाही, आणि सगळ्यात चीड आणणारी म्हणजे मुदतीत परत जाण्याचा इरादा निश्चित करता आला नाही. कुठल्या कागदामुळे, हे नाही. एक गुण दिला तो यासाठी. ९० युरो घेऊन पडताळणी करणाऱ्याने ‘स्टेटमेंटवरची १२ तारखेची जमा समजली नाही’ एवढं लिहायला हरकत नसावी. २०२४ साली भारतातून ११ लाखांहून अधिक अर्ज गेले, चीन आणि तुर्कस्तानच्या खालोखाल. त्यातले साधारण १५ टक्के फेटाळले गेले. दाद मागण्याची तरतूद आहे, पण ती ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याने. जर्मनीने तर वकिलातीकडेच फेरविचार मागायची पद्धत १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं न्यायालय. व्यवहारात नवा अर्जच. तोच गठ्ठा पुन्हा देऊ नका, ज्या चौकटीवर खूण होती तिचं उत्तर देणारा कागद सगळ्यात वर ठेवा. जुना नकार लपवू नये. ती नोंद त्यांच्या यंत्रणेत पाच वर्षं राहते, आणि पुढे अमेरिका-ब्रिटनच्या अर्जातही हा प्रश्न येतोच.

एवढं बोलल्यावर आपलं ताटही बघायला हवं. भारताच्या व्हिसा अर्जात एक प्रश्न आहे: तुमचे आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? लंडनमध्ये जन्मलेल्या, ब्रिटिश पासपोर्टच्या मुलीने त्याला ‘हो’ लिहिलं की तिची वाट वेगळी आणि लांबची होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं नको. विनाव्हिसा आपण फक्त नेपाळ, भूतान आणि मालदीवच्या लोकांना येऊ देतो.

गोव्यात हा सगळा प्रकार एकाच घरात दिसतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. मोठ्या भावाने ते केलं, धाकट्याने नाही. आजी एक, शाळा एक, पण एकजण लिस्बनला रांगेशिवाय उतरतो आणि दुसरा मेव्हण्याच्या एनईएफटीचा खुलासा लिहितो. मोठ्याने त्याची किंमत मोजलेली असते, हेही खरं: परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्यानेच संपतं. मतदार यादीतलं नाव जातं आणि पासपोर्ट परत करावा लागतो.

मग ही सेवा घ्यावी का? एकदाच, आठ दिवसांसाठी, चौघांनी जायचं असेल तर भाव जास्त वाटेल, आणि तो आहेच. वारंवार जाणाऱ्यांसाठी मात्र १८ एप्रिल २०२४ पासून हिशोब बदलला आहे. भारतात राहणाऱ्या भारतीयांनी गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमात वापरले असतील तर तिसऱ्या खेपेला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. त्यासाठी पहिले दोन्ही व्हिसा खरोखर वापरलेले हवेत. नुसतं घेऊन न गेलेलं स्टिकर धरत नाहीत. आधीच्या व्हिसांची आणि शिक्क्यांची पानं फोटोकॉपी करून फाइलच्या सुरुवातीला लावा, आणि अर्जात प्रवेशाच्या रकान्यात ‘बहुप्रवेश’ अशी मागणी स्वतः करा, नाहीतर एकच प्रवेश हातात येतो. आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. हा लांबचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर आधी १,५०० रुपये भरून नाशिकला छापलेलं नवं पुस्तक घ्यावं, आणि मगच ९० युरो भरावेत.